मत न देण्याचा नियम

२८ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी.
दशलक्षण पर्व सुरू. आज पहिला दिवस, उत्तम क्षमेचा. दहा दिवस प्रत्येकजण काही ना काही सोडतो. आईनं हिरवी भाजी सोडली. बायको निशा एकवेळच जेवणार. मी ॲनिमेवर मत देणं सोडलं. जेवण काय, कुणीपण सोडतंय. मत सोडून दाखवा म्हणावं.

बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, उपाध्यांपुढं हात जोडून नियम मागितला. ॲनिमे म्हणजे काय ते त्यांना वीस मिनिटं समजावलं. मागं लाईन लागली. ते म्हणाले, बाळ, बटाटा सोड. मी म्हटलं, बटाटा आमच्यात कधीच सुटलाय. मग दिला नियम. जरा घाईत दिला.

संध्याकाळी.
ग्रुपवर जाहीर केलं. ग्रुपात चौघंच. मी ॲडमिन. मामाचा अरिहंत, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा बसलेला. ब्राह्मी, मेडिकल दुकानात असते. आणि बेळगुंदीचा स्वरूप, ऑफिसात क्लार्क, शहापुरात माडीवर खोली घेऊन राहतो. खाली कापडाचे माग, वर तो. दर रविवारी चारला त्याच्या खोलीवर जमायचं, दोन एपिसोड बघायचे, आणि एक सिरीज संपली की पुढची मी ठरवायची. तसं मतदान होतं. पण माझं एक मत पाच धरायचं असं पहिल्याच दिवशी ठरलंय. मीच ठरवलं. अभ्यास माझा आहे.

लिहिलं की दहा दिवस माझं मत मिळणार नाही, धीर धरा. ब्राह्मीनं आणि स्वरूपनं हात जोडले. अरिहंतनं फटाक्यांचे इमोजी टाकले, ओळीनं अकरा. पोरगं बावचळलंय.

२९ ऑगस्ट, शुक्रवार.
पुढं काय बघायचं, हा प्रश्न महिनाभर लोंबकळतोय. माझी निवड ‘काळं समुद्रराज्य’, १४८ एपिसोड. मी तीन बघितलेत. उरलेल्या १४५चा अंदाज आहे. स्वरूपला पाहिजे ‘भुताची बेकरी’. मेलेली आजी पहाटे येऊन पाव भाजते म्हणे. बारा एपिसोड. बारा एपिसोडात काय होतंय? पाव पण फुगत न्हाय.

स्वरूप मूळचाच रडका. मागं त्या आजीचं चित्र काढून आणलंतं. मी म्हटलं, हात पायासारखे आलेत. सगळ्यांसमोर म्हटलं, म्हणजे त्याला फायदा होईल. त्यानं वही मिटून ठेवली. खरं सांगणारा एकतरी माणूस लागतोच आयुष्यात.

(हे मत नव्हे. ही रोजनिशी आहे.)

३० ऑगस्ट, शनिवार.
दुकानात एक गिऱ्हाईक आलं, टी-शर्टवर तलवारवाला. कुकरची रबर रिंग पाहिजे होती. मी त्याला फक्त माहिती दिली. हिंदी डबिंगमध्ये बघणारे लोक आणि टीव्हीसमोर झोपणारी म्हैस यांत फरक काय, एवढीच. माहिती पाऊण तास चालली. तो रिंग न घेता गेला. अण्णा गल्ल्यावरनं ओरडला की हे खडेबाजारातलं भांड्यांचं दुकान आहे का कॉलेज आहे. थोरला भाऊ आहे, म्हणून ऐकून घेतलं. आज आर्जव धर्माचा, म्हणजे सरळ मनाचा दिवस आहे, हे त्याच्या गावीही नाही.

३१ ऑगस्ट, रविवार.
बैठक रद्द. स्वरूपचा मेसेज आला, गणपतीला गावाकडं आहे. गेल्या रविवारी खालच्या मागाची मोटार जळून खोलीत धूर झालता. त्याच्या आधी जिन्याला रंग लावलेला, ओला. त्याच्या आधी ब्राह्मीची दाढ. त्याच्या आधी काय ते आठवत नाही. म्हणजे आज पाचवा रविवार. माझ्याशिवाय निर्णय होत नाही, म्हणून बिचारे कारणं काढतात.

निशा तीन ते सहा बस्तीत प्रवचनाला. हल्ली एक रविवार चुकवत नाही. आली तेव्हा डोळे लाल. काय झालं विचारलं, तर म्हणाली, आज लई मनाला लागलं. माझ्या नियमाचा घरावर परिणाम होतोय.

२ सप्टेंबर, मंगळवार.
ग्रुप शांत. रविवारचा निरोप सोडला तर पाच दिवसांत एकच मेसेज, ब्राह्मीचा, सूर्योदयाचा फोटो. मत नाही तर वाद नाही, वाद नाही तर ग्रुप नाही. किती पोकळी झाली असेल. रात्री स्वतःच दोन मेसेज टाइप करून खोडले. खोडलेलं मोडत नाही नियमात.

४ सप्टेंबर, गुरुवार.
योजना ठरली.

सोमवारी क्षमावणी. त्या दिवशी आमच्यात एकमेकांची क्षमा मागतात. पूर्वी घरोघर जायचे, आता कमळाचं चित्र येतं, ‘कळत नकळत मन दुखावले असल्यास’, आणि तेच चित्र आपण पुढं ढकलतो. गेल्या वर्षी मला त्रेसष्ट कमळं आली. हे काय क्षमा मागणं झालं?

ग्रुपवर नवा नियम टाकला. यंदा चित्र चालणार नाही. ॲडमिनचा नेमका काय अपराध केला ते प्रत्येकानं स्वतःच्या शब्दांत लिहायचं. खरं लिहायचं. माझ्या मताचा अनादर केला, निर्णय लांबवला, असं येईल. मग मी मोठ्या मनानं क्षमा करीन आणि ‘काळं समुद्रराज्य’ मंजूर.

निशाला वाचून दाखवलं. ती भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, नको हो असलं काय, कमळाचं चित्रच बरं असतंय. मी म्हटलं, तुलापण लागू आहे. तव्यावरची भाकरी करपली.

६ सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी.
नियम पूर्ण! किती वेळा मोडला? माझ्या हिशेबानं एकदाही नाही. निशाच्या हिशेबानं एक्केचाळीस वेळा. ती झोपेतलं पण धरते.

उद्याची बैठकपण रद्द. विसर्जनात सगळ्यांचे पाय दुखायलेत म्हणे. मी माझी क्षमा लिहून तयार ठेवली. ‘माझ्या उच्च आवडीमुळे आपणांस स्वतः लहान वाटले असल्यास उत्तम क्षमा.’ चार वेळा वाचली. डोळ्यात पाणी आलं.

८ सप्टेंबर, सोमवार. क्षमावणी.
सकाळी सातपासून फोन हातात.

७.४०. अरिहंत. लिहितो की दादा, तुम्ही सांगितलेली एकपण सिरीज मी बघितली नाही. लई भारी म्हणायचो, कारण नाही म्हटलं की तुम्ही अर्धा तास जास्त बोलायचा. उत्तम क्षमा.
ठीक आहे. लहान आहे.

८.१५. ब्राह्मी. दाढ दुखत नव्हती. मोटार जळाली नाही, जिन्याला रंग नाही. पाच रविवार आम्ही शहापुरात बसलोय, तुम्हाला सोडून. ‘भुताची बेकरी’चे दहा एपिसोड झाले. काल मात्र पाय खरंच दुखत होते. खरं लिहायला सांगितलंत म्हणून लिहिते. उत्तम क्षमा.
दोनदा वाचलं. अण्णानं गल्ल्यावरनं दोनदा हाक मारली.

८.३०. स्वरूप. तो जैन नाही, त्यानं नसतं लिहिलं तरी चाललं असतं. लिहितो की तुम्ही त्या चित्रावर बोलल्यापासून पेन्सिल धरलेली नाही. राग ठेवला मनात, तेवढं माफ करा.
कुठलं चित्र? आठवेना. ही वही मागं उलटून बघितली. होतं.

दुपारी.
जेवायला घरी आलो. निशाला सांगावं म्हटलं. ती आधीच पाटासमोर हात जोडून उभी. म्हणाली, पर्वात खोटं बोलले, प्रवचनाला गेलतेच नाही. पहिल्या रविवारी बैठक रद्द सांगायला माझ्या मोबाईलवर आलेला स्वरूपचा फोन तिनं उचलला, त्याच्या बोलण्यावरनं ओळखलं, आणि तडक शहापुरात गेली भांडायला. माझ्या नवऱ्याला का टाळताय म्हणून. दारात उभी राहून भांडायलाच लागलेली, तेवढ्यात एपिसोड सुरू झाला. म्हटलं हा संपू दे, मग भांडते.

मी विचारलं, मग?
म्हणाली, मग दुसरा सुरू झाला.

पाचही रविवार. त्या दिवशी डोळे लाल होते ते बेकरीच्या आजीसाठी. पुढची सिरीजपण ठरलीय. हिनं ठरवली. प्रत्येकाचं एकच मत धरतात म्हणे.

क्षमावणीला समोर हात जोडलेला माणूस उभा असला की क्षमा करावीच लागते. केली. लई वाईट वाटलं. हे लिहायला हरकत नाही, इथं कोण वाचतंय.

१० सप्टेंबर, बुधवार.
निशाला विचारलं, मी आलो तर? म्हणाली, मला चालतंय, पण सगळ्यांना विचारावं लागेल. विचारलं. आमच्या ग्रुपवर नाही. त्यांचा दुसरा आहे.

निकाल: तीन बाजूनं, एक तटस्थ. तटस्थ कोण ते निशा सांगत नाही. अट एकच, संपेपर्यंत बोलायचं नाही. अरे, दहा दिवसांचा अनुभव आहे माझा!

१३ सप्टेंबर, शनिवार.
‘भुताची बेकरी’चे दहा एपिसोड बघून काढले, तीन दिवसांत, दीडपट स्पीड न करता. आयुष्यात पहिल्यांदाच सलग दहा. चुका काढायला बसलोतो. सहाव्यानंतर वही बाजूला राहिली.

१४ सप्टेंबर, रविवार.
शहापूर. दाराजवळ चपलांच्या शेजारी जागा मिळाली. शेवटचे दोन एपिसोड. एक अक्षर बोललो नाही. आजी शेवटचा पाव भाजून जाते तेव्हा नातू पाठमोरा असतो, त्याला कळत नाही. मला रडू आलं. शर्टाच्या बाहीनं पुसलं, तरी येतच राहिलं. आता माझ्याकडं मत होतं. पहिल्यांदाच पूर्ण बघून तयार झालेलं, तिथल्या कुणापेक्षा कमी नसलेलं. आणि वाईट एक शब्द नव्हता त्यात.

लाईट लावली. ब्राह्मीनं अरिहंतला विचारलं, कशी वाटली. अरिहंतनं स्वरूपला. स्वरूपनं निशाला, आणि ती दहा मिनिटं बोलली, सगळे ऐकत होते. मी घसा खाकरला. स्वरूप उठला आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. मग चिवडा खाल्ला, मग चपला घातल्या.

येताना गल्लीत गाडीवर निशाला म्हटलं, मला आवडली गं.
ती म्हणाली, हॉर्न मारा, पुढं म्हैस हाय.