डाव्या हातातला झेंडा

५ ऑगस्ट २००६

आजोबा उलटे आहेत!

कामतघरला दादाच्या फ्लेक्सच्या दुकानात पंधरा ऑगस्टच्या बॅनरसाठी त्यांचा फोटो स्कॅन करत बसले होते. बेचाळीसचा मोर्चा, सगळ्यांत पुढे आमचे काळूराम आजोबा, डाव्या हातात झेंडा. गावात घराघरात हाच फोटो देवाशेजारी असतो. मोठा करत गेले तर मागच्या धुरकट पट्ट्यावर अक्षरं दिसली – चहाच्या दुकानाची पाटी. आरशात दिसावी तशी उलटी! म्हणजे फोटोच उलटा छापलाय. झेंडा उजव्या हातात होता.

पटकन फाईल बंद केली.

६ ऑगस्ट

बंद केली, कारण मी डावरी. लग्नाच्या बोलणीत वज्रेश्वरीहून आलेल्या माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी नाक मुरडलं होतं – नैवेद्यसुद्धा डाव्या हातानं वाढणार का? बाबांनी त्यांना फोटोसमोर उभं केलं. "स्वातंत्र्यसैनिकाचा हात आहे तो." सासूबाईंनी चक्क नमस्कार केला.

फोटो सुलटा झाला तर माझ्या हाताचं काही खरं नाही. तेही ऐन लग्नाच्या तोंडावर!

९ ऑगस्ट

गुपचूप चौकशी केली. बाबा म्हणाले, अजून डोळ्यांसमोर आहे, डाव्या हातानं जाळं फेकायचे. आजोबा गेले तेव्हा बाबा दोन वर्षांचे होते! शेजारच्या केसरीनाथकाकांनी तर लाठी डाव्याच मनगटावर बसलेली पाहिली म्हणे. मोर्चाच्या वर्षी काका पाळण्यात होते. शाळेतली पोरं प्रभातफेरीत झेंडा डाव्या हातात धरतात. कुणी उजव्यात धरला की गुरुजी ओरडतात, गावाची रीत आहे म्हणून.

आक्काला, म्हणजे आजीला, विचारायची हिंमत झाली नाही. नवरा कुठल्या हातानं जेवायचा हे बायकोला माहीत असणारच.

१२ ऑगस्ट

फोटोतल्या पाटीवर एक माड चिकटवला. झकास! दादा म्हणाला, हा आधी नव्हता. मी म्हटलं, होता की. थोड्या वेळानं त्याला आठवला!!

१४ ऑगस्ट

बॅनर लागला. केसरीनाथकाका पोरांना सांगत होते, याच माडाखाली सभा झाली. हसू दाबून पोट दुखलं.

घरी आल्यावर मात्र वाईट वाटलं. आजोबांना मी कधी पाहिलं नाही. त्यांच्याबद्दलची एकच खरी गोष्ट मला कळली होती, आणि तीच मी झाकली.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर आक्कानं मला बॅनरपाशी एकटीला गाठलं. माडाकडे बघून खुदकन हसली.

"पाटी झाकलीस व्हय? तुझा आजा उजवाच व्हता. तू लहानपनी डाव्या हातानं जेवाया लागलीस, तं तुझी आत्या हात बांधून ठेवी. मंग मीच फोटोची जुनी निगेटिवची काच घेऊन स्टुडिओत गेले. बोलले, उलटा छाप. त्येच फोटो मंग घरोघरी वाटले."

म्हणजे गावाची ही रीत माझ्याहूनही लहान! मग आजोबांचं काय, मी विचारलं.

"त्याला काय फरक परतो? तुला जलमभर जेवायचं हाय."