डाव्या बुटाचा पट्टा

४ मार्च
संग्रहालयाच्या तळघरातून आज ११२ नंबरचं पोस्टर वर आणलं. रस्त्यावरच्या सुरक्षिततेचं, तीस वर्षांपूर्वीचं. तीनच रंग – काळा रस्ता, पिवळं आकाश, लाल फ्रॉकमधली पाठमोरी मुलगी. वर दोनच शब्द : ‘आधी थांब.’ चित्रकाराचं नाव नाही. नोंदकार्डावर लिहिलं – ‘दोष : डाव्या बुटाचा पट्टा छापलेला नाही.’ दोनदा तपासून लिहिलं. उजव्याला आहे, डाव्याला गायब!

डबा एकटीनेच खाल्ला. पाच महिने झाले इथे. अजून कोणी ‘ये, बस’ म्हणत नाही. मीही विचारत नाही.

५ मार्च
मॅडम म्हणाल्या, ‘प्रदर्शनात लावायचंय. कॉम्प्युटरवर पट्टा जोडून टाकू, कोणाला कळतंय!’ मी म्हटलं, आधी छापखान्यात विचारते. ‘तू म्हणजे ना, गोळी घेण्याआधी डॉक्टरची पदवी तपासशील!’ सगळे हसले.

एकदा तपासली आहे मी.

८ मार्च
पोस्टरवरची अक्षरं आखलेली नाहीत. कागदातून सरळ पात्याने कापलीत. कोपऱ्यांत पातं किंचित पुढे गेलंय. बाबा अशीच कापायचे. मी शाळेत गेले ती एकदम पाचवीत. तोवर बाबाच माझी शाळा – फरशीवर रंगीत कागदाची अक्षरं मांडून वाचायला शिकवलं. पुढे शाळेला निघताना रोज दारात गुडघे टेकून माझे बूट बघायचे. ‘बक्कल?’ – ‘लावलं.’ शेजारच्या मुली खिदळायच्या. अजून दर रविवारी फोनवर विचारतात! विचारू देत. आई गेल्यावर त्यांना तरी कोण आहे? मी एकुलती एक.

९ मार्च
बाबांचा फोन. मी पोस्टरचं विचारणार होते. नाही विचारलं.

१३ मार्च
छापखाना सापडला. म्हातारे छपाईवाले काका चष्मा कपाळावर सारून उखडलेच. ‘दोष? आणि माझ्या हातून? अगं, पट्टा होता! आमच्या चित्रकाराने समोर उभं राहून काढून टाकायला लावला.’ मग आवाज उतरला. ‘त्याचीच पोर गं ती. सात वर्षांची. समोरच्या रस्त्यात बक्कल सुटलं, लावायला वाकली... ट्रकवाल्याला दिसलीच नाही. एवढं पोस्टर पुरं केलं आणि नोकरी सोडली त्याने. गावही सोडलं. नंतर दुसरी मुलगी झाली म्हणे. तिला शाळेतच घालेना. घरी शिकवायचा, कागद कापून कापून.’

मी चहा संपवला. दिलेला टाकायचा नसतो.

‘ओळखतेस का त्याला?’ काकांनी विचारलं.

‘नाही,’ म्हटलं. इतकं धडधडीत खोटं मी कधीच बोलले नव्हते.

१४ मार्च
कार्डावरचं ‘दोष’ खोडलं. मॅडमना सांगितलं, पट्टा जोडायचा नाही. ‘का पण?’ – ‘तो सुटलेलाच होता.’ माझ्या तोंडाकडे बघून त्या म्हणाल्या, ‘बरं, तसंच लावू.’

इथल्या नोकरीच्या फॉर्मवर मी लिहून दिलंय – ‘भावंडं : नाहीत.’ खाली सहीसुद्धा आहे. तेही चुकलंय.

१६ मार्च
बाबांचा फोन.

‘बक्कल लावतेस ना?’

‘लावते. बाबा, ताईचं नाव काय होतं?’

त्यांनी फोन ठेवला नाही. मी थांबले.