दोनशे बारावा खांब

प्रिय टणू,

पत्र बघून दचकू नकोस. गुरुवारी फोनवर सांगितलं त्याहून बाबांचं काही वाढलेलं नाही. हेही फोनवर सांगता आलं असतं, पण बाबांचा विषय निघाला की तू ‘बरं आई, ठेवतो आता’ म्हणतोस, आणि मी भित्री बाई लगेच तुझ्या लेकीच्या दातांकडे वळते. पत्रात मला कुणी अडवत नाही. एकदा बसून, चहा थंड झाला तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

तुझे बाबा आता खिडकीजवळच्या खाटेवर असतात. उजवी बाजू गेली ती गेलीच. बोलणंही गेलं. माणूस मुळात कमीच बोलायचा, त्यामुळे पहिले दोन दिवस मला फरक कळला नाही, असं मी डॉक्टरांना म्हटलं आणि मग त्यांच्यासमोरच रडले. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका आला तर तो झेपणार नाही, आणि तो कधी येईल ते सांगता येत नाही. हे मी तुला आधी सांगितलं नव्हतं. आता सांगते आहे.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी रोज येते. परवा तिने विचारलं, खांबावरच्या ह्या एवढ्या वाट्या कशाला जमवल्यात? आपल्या घरी येणारं प्रत्येक माणूस हेच विचारतं. मग मी तिला तुझी गोष्ट सांगितली. तू चार वर्षांचा होतास. बाबांनी तुला शिकवलं होतं की खांबावर तार बांधायची ही चिनी मातीची वाटी, म्हणजे इन्सुलेटर, बोटाच्या पेराने वाजवून बघायचा. टण्ण वाजला तर धडधाकट, बद्द वाजला तर आत कुठेतरी तडा आहे, मग वरून कितीही छान दिसो. तू घरातला एकही कप, एकही बरणी सोडली नाहीस. माझ्या आत्याच्या डोक्यावरही वाजवून बघितलंस, आणि ‘बद्द’ म्हणालास. त्या दिवसापासून तू टणू. गोवर आला तेव्हा तो हिरवा काचेचा इन्सुलेटर डोळ्याला लावून पडायचास, आणि सगळं घर पाण्यात आहे म्हणायचास. बाबांना तो त्यांच्या उस्तादाने दिलेला, लाइन टाकली तेव्हाचा, काचेत बुडबुडे असलेला. त्यांनी तो दुसऱ्या कुणाला हातात धरू दिला नसता. तू तापात दोनदा पाडलास, तरी ते रागावले नाहीत.

म्हणून त्या दिवशीचं तुझं बोलणं त्यांना इतकं लागलं. मी तुला दोष देत नाही. तुझ्या कंपनीला टेलिफोनच्या जुन्या तारा उतरवायचं काम मिळालं आणि तुझी नेमणूक त्याच लाइनवर झाली, ह्यात तुझा काय अपराध? तांबं गेलं, जमिनीखालून नवी केबल आली, जग पुढे जातच असतं. पण तीस वर्षं वादळवाऱ्यात ज्याने ती लाइन बोलती ठेवली, त्याच्या तोंडावर ‘मेलेल्या लाइनच्या वाट्या पुसत बसा’ असं म्हणायला नको होतंस. आणि त्यांनी ‘मी मेलो तरी ह्या घरात पाय ठेवू नकोस’ असं म्हणायला नको होतं. आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तोंडातून ब्र काढला नाही, तेही नको होतं. तिघांत मीच जास्त चुकले असं मला वाटतं, कारण तुम्ही दोघे रागात होतात आणि मी नव्हते. खाण तशी माती. दोघेही मोडाल पण वाकणार नाही. चौदा किलोमीटर म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे, पण पाच वर्षं झाली.

तू निघून गेल्यावर महिन्याभराने मी जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की त्याने तिकडे, लाइन जिथे संपते त्या जुन्या टेलिफोन ऑफिसच्या मागच्या गल्लीत खोली घेतली आहे. बाबा पाणी प्यायले आणि उठले. त्या रविवारी त्यांनी कामाची जुनी पिशवी काढली, कमरेचा पट्टा, पाना आणि तेलाची बाटली घेतली आणि सकाळीच बाहेर पडले. दुपारी एक पांढरा इन्सुलेटर घेऊन आले. पुढच्या रविवारी आणखी एक. कंपनीने तारा नेल्या होत्या, पण खांब आणि त्यांवरच्या वाट्या तशाच सोडल्या होत्या, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी कटकट केली. ह्या वयात खांबावर चढून पडलात तर कोण उचलणार, म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी. वाटलं, निवृत्त माणसाला काहीतरी खूळ लागतं, ह्यांना हे लागलं, निदान घराबाहेर तरी पडतात.

एकदा त्यांच्याकडे अशाच वाट्यांचे एक संग्राहक आले होते. शाळेत शिक्षक होते, त्यांच्याकडे जांभळ्या काचेचा एक दुर्मीळ नग होता. बाबांचं तऱ्हेतऱ्हेच्या जुन्या वाट्यांचं कपाट बघून ते हरखले, पण रविवारच्या वाट्या ठेवलेल्या मागच्या भिंतीवरच्या फळ्या बघून गोंधळले. इथे तर सगळे साधे, कुठल्याही खांबावर मिळणारेच आहेत, ह्यात जमवण्यासारखं काय, म्हणाले. भिंतीवरचा कुठलाही एक द्या आणि माझा जांभळा घ्या, असंही म्हणाले. तुझ्या बाबांनी नाही म्हटलं. मी दाराआडून डोळे मोठे केले तरी नाहीच म्हटलं. ते गृहस्थ गेल्यावर मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. ते फडक्याने एक पांढरी वाटी पुसत राहिले.

आता मी काय केलं ते ऐक. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांना बरं वाटावं म्हणून मी भिंतीवरच्या साऱ्या वाट्या खाली उतरवल्या. दोन दिवस साबणाच्या फडक्याने बाहेरून पुसल्या आणि रंगाप्रमाणे नीट लावल्या. तपकिरी खाली, पांढऱ्या मध्ये, काचेच्या चार-पाच होत्या त्या वर, उजेडात. खरंच देखणं दिसत होतं. खाट वळवून त्यांना दाखवलं, तर त्यांनी डाव्या हाताची मूठ गादीवर आपटायला सुरुवात केली. डोळ्यांतून पाणी. तीन दिवस धड जेवले नाहीत. मला वाटलं, बाईमाणसाने हात लावला म्हणून राग आला, आणि मीही मनातून चिडले.

चौथ्या दिवशी त्या व्यायामवाल्या मुलीने एक वाटी उचलली आणि उलटी करून बघितली. म्हणाली, मावशी, ह्यात आतून एकशे चौतीस लिहिलंय. लाल रंगाने, बारीक, खांबांवर त्यांचे नंबर लिहायचे तसंच. दुसरी बघितली, तिच्यात सत्तावीस. टणू, पाच वर्षं मी त्या वाट्यांवरून फडकं फिरवलं, पण एकदाही उलटी करून आत बघितलं नाही.

आम्ही दोघींनी त्या, आपल्या दाराजवळच्या पहिल्या खांबापासून, क्रमाने लावल्या. लावताना बाबा एकटक बघत होते. प्रत्येक खांबावरची एकच, सर्वांत खालची डावीकडची. दोनशे अकरावी लावली आणि फळीवर एका वाटीची जागा उरली. बाबांनी डावा हात उचलला आणि त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. मी खाटेखाली शोधलं, माळ्यावर शोधलं. ते मान हलवत राहिले. शेवटी कामाची पिशवी उघडली, तर तळाशी त्यांची खिशातली वही मिळाली.

त्यात तारखा आहेत आणि लाइनमन लिहितो तेवढंच. चौतीस, पुलाजवळ, गंज, तेल घालून थांबलो. नव्वद, इथून वीटभट्टी दिसते. एकशे अठ्ठावन्न, गुडघा. दोनशे तीन, गावाची पाटी. मग दोनशे अकरा, आणि त्याच्यापुढे: पुढचा त्याच्या दारात, दोरीवर लहान फ्रॉक. त्यांच्यासमोर तुझ्या लेकीचं नाव घ्यायची माझी हिंमत झाली नव्हती रे. त्यांना कळलं ते असं, दोरीवरच्या कपड्यावरून. त्यानंतरच्या तीन रविवारी तीनदा तेच लिहिलंय: दोनशे बारा, गेलो, चढलो नाही. शेवटच्या रविवारनंतर दोन दिवसांनी झटका आला. खांबावर चढले असते तर तुझ्या खिडकीतून दिसले असते, म्हणून चढले नाहीत. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस. मला आठवतंय, त्या तिन्ही रविवारी ते रिकाम्या हाताने परत आले होते, आणि मी हसून म्हटलं होतं, संपल्या वाटतं वाट्या.

तुला त्यांचा झटका कळवला तेव्हा तू एकच विचारलं होतंस, बाबांनी बोलावलंय का. मी म्हटलं, त्यांना बोलता येत नाही. तू म्हणालास, मग मी त्यांचा शब्द मोडून कसा येऊ. त्याचंच उत्तर द्यायला आज लिहायला बसले. बाळा, हा माणूस पाच वर्षं, पावसाचे रविवार सोडले तर, दर रविवारी तुझ्याकडेच यायला निघत होता. एका रविवारी एक खांब, त्याहून जास्त पुढे यायचं धाडस त्यांना होत नव्हतं. आता एकच खांब उरला आहे, आणि तो त्यांच्याने होणार नाही. तो तू उतरव. खालची, डावीकडची. हातोडा मारू नकोस, वाटी ज्या लोखंडी पिनेवर बसते तिच्या आट्यांवर तेल सोड आणि थोडा वेळ थांब, मग डावीकडे फिरव, हाताने सुटते. आधी पेराने वाजवून बघ. टण्ण वाजली तर उत्तमच, आणि बद्द वाजली तरी घेऊन ये. सूनबाईला आण, लेकीला आण. वाटी तिच्या हातात दे आणि तिलाच फळीवर ठेवू दे. तिच्या आतला आकडा मी घालीन म्हणून लाल रंग आणि ब्रश काढला होता, पण बाबांनी ब्रश माझ्या हातातून डाव्या हाताने काढून घेतला आणि उशीखाली ठेवला आहे.

तुझीच,
आई