आबांनी सांगितलेला पगार

९ जानेवारी, गुरुवार. बोदवड

आबांनी माझा पगार साठ हजार केला! कंपनीला न विचारता.

रविवारी धुळ्याला आकाशच्या घरी जायचंय. मुलगा बँकेत अधिकारी. आम्ही फोनवर दोनदा बोललो – शांत वाटला, मध्येच तोडत नाही. स्थळ जळगावच्या तोताराममामांनी आणलं. मुलाच्या वडिलांचा, सुकदेवनानांचा, पहिलाच प्रश्न – तुमच्या पायलट मुलीला पगार किती असतो? आणि आबा म्हणाले, साठेक हजार.

हे आईनं आज भाकरी थापताना सहज सांगितलं. मला आधी हसू आलं. मग येईना.

आई म्हणाली, "खरा सांगितला की पोरं घाबरतात. आधीची दोन स्थळं तशीच गेली."

मला वाटत होतं, त्यांना माझी उंची खटकली.

११ जानेवारी, शनिवार

आबांशी बोलले. म्हटलं, लोक मुलाचा पगार फुगवून सांगतात, तुम्ही माझा कापता. ते पेपरच्या मागे गेले. "जमू दे आधी. नंतर हळूहळू वाढव."

हळूहळू वाढव – म्हणजे नवऱ्याच्या घरी मला बढत्या मिळत जाणार.

मी आपणहून विषय काढणार नाही. पण विचारलं तर खरं सांगेन. आबांना तसं सांगून ठेवलंय.

१२ जानेवारी, रविवार

विचारलं.

घर चांगलं. बाहेरच्या खोलीत बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा मोठा फोटो, पुस्तकांचं कपाट. सुकदेवनाना निवृत्त शिक्षक. आकाशची आई बेबाबाई – पोहे देताना माझ्या हाताकडे बघत होती. विमान याच हातांनी चालतं का, असं काहीतरी मनात असावं.

नाना म्हणाले, "साठ हजारांत मुंबईत कसं भागतं?"

आबांनी बशीत बघितलं. मी म्हटलं, "नाना, साठ नाही. सगळं धरून अडीच लाखांच्या आसपास. महिन्याला काही तासांचे पैसे ठरलेले असतात, त्यापुढे उडालं तर तासावर. कॅप्टन झाले की दुपटीच्या पुढे."

मामा उगाच खोकले. आकाश माझ्याकडे बघत होता – रागानं नाही, पण आता कुणीतरी दुसरीच बसलीय तसा.

बेबाबाईच काय त्या बोलल्या. "इतला पैसा देतस, म्हणजे काम बी तितलंच अवघड व्हई ना?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, रोज नसतं अवघड. रोज तेच तेच असतं. पण एखादा दिवस बिघडतो, आणि त्या दिवशी हात थरथरून चालत नाही. दर सहा महिन्यांनी परीक्षा. दरवर्षी डॉक्टर. कान, डोळे, हृदय – एक काही बिघडलं की उडणं बंद, पगारही बंद.

त्या ऐकत राहिल्या. नानांनी घड्याळ बघितलं.



१५ जानेवारी, बुधवार. मुंबई

नकार. मामांकडे निरोप आला – मुलाला घर सांभाळणारी हवी. रात्री आकाशचा मेसेज: "तू आकडा सांगितला नसतास तर जमलं असतं. मला काही अडचण नव्हती."

मी लिहिलं, "मग त्या खोलीत बोलायचं होतंस."

वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. तासभर वाटलं. मग गणवेशाला इस्त्री केली.

२३ जानेवारी, गुरुवार

नागपूरहून मुंबईला निघालो, आणि चाकं जमिनीवरून उचलली तोच उजव्या बाजूला धप्प. पक्षी इंजिनात गेला. विमान थरथरायला लागलं, जळका वास आला.

विमान माझ्या हातात होतं. कॅप्टन म्हणाले, "तूच चालव, मी बाकीचं बघतो." आधी उंची घेतली. मग ते सूचनांच्या यादीतून एकेक वाचत गेले, मी ऐकत गेले, त्या इंजिनाचा जोर कमी केला. वळून परत नागपूर. उतरवलंही मीच. थोडं आपटलं, पण सरळ.

एक आजी उतरताना म्हणाल्या, "इतक्या लवकर आलं पण मुंबई?"

 

२४ जानेवारी, शुक्रवार

आबांना बातमीतून कळलं. फोन आला. "जेवलीस का?"

मग आपणच बोलायला लागले. आयुष्य एसटीत कंडक्टरकीत गेलं, मोजकं बोलणारा माणूस. "पगार मी त्यांच्यासाठी नाही कमी केला, साक्षी. तू एवढी वर गेलीस की तुझ्या शेजारी बसायला कुणी मिळेल का, याची भीती वाटली. म्हणून तुला जरा खाली ओढली."

मी म्हटलं, "आबा, शेजारी बसणारा मिळेल. नाही मिळाला तरी मी खाली येणार नाही."

"नकोच येऊ," म्हणाले.

२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी अनोळखी नंबर. बेबाबाई. हळू आवाजात – नाना बाहेर गेले होते.

वाटलं, आकाशचं बोलतील. तर नाही. "माले एक पोर बी शे, बाई. शिल्पा. बारावीले शे, गणित-फिजिक्स. तू येवाव व्हती त्या दिन तिना बापनी तिले मुद्दाम साक्रीले मामाकडे धाडं. तू बोलशी नि ती आयकी म्हणीसन."

मी खुर्ची ओढून बसले.

"पगार तं माले कळी गया. आते शिकाले काय काय लागस ते तिले सांग." आणि त्यांनी फोन मुलीच्या हातात दिला.