हिम्मतरावांची बिनडिझेलची होडी

॥ श्री ॥

तारनाका, सिकंदराबाद
१२ ऑगस्ट २०२४

ती. भामावन्संस,
चारुलताचा शि. सा. न. वि. वि.

फोन लावला की तुमच्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून हे पत्र. बातमी आनंदाची आहे. तुमचे बंधुराज समुद्रावर राहायला निघाले आहेत. एकटे नाहीत, मलाही नेणार आहेत. मला विचारायचं तेवढं राहून गेलं.

शिडाची होडी घ्यायची, गोव्याच्या बाजूला ठेवायची आणि तिच्यातच संसार करायचा, असा बेत आहे. डिझेलचा थेंब नको म्हणे. वारा असला की शीड, वारा पडला की बॅटरीवरची मोटर. शिडावर जाताना पाण्याच्या जोराने खालचा पंखा उलटा फिरतो आणि बॅटरी आपोआप भरते. उतारावर विजेचं इंजिन तारेला करंट परत देतं ना, अगदी तसंच, असं मला कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून समजावण्यात आलं. लालागुड्याच्या रेल्वे शेडमधून रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण इंजिन काही डोक्यातून उतरलेलं नाही.

सध्या होडी आमच्या हॉलमध्ये आहे. त्यांनी फरशीवर खडूने ती खऱ्या मापाची आखली आहे. हॉल अपुरा पडला, म्हणून नाक देवघरात शिरलंय आणि शेपूट बाल्कनीत गेलंय. महिनाभर दोघांनी त्या रेघांच्या आत राहून सराव करायचा. आंघोळीला एक बादली, स्वयंपाकाला एकच शेगडी. यादम्मा झाडायला आली ती दारातच थबकली आणि साहेबांची तब्येत बरी आहे ना, असं मला हळूच विचारून गेली.

तिकडे आदित्यने गच्चीबावलीच्या सत्ताविसाव्या मजल्यावर आमच्यासाठी खोली तयार ठेवली आहे. बाथरूममध्ये धरायला दांडे, पलंगाशेजारी घंटी. आम्ही आजारी पडायचं तेवढं बाकी आहे. वडिलांनी हा नाद सोडून मुकाट्याने तिकडे यावं, असं त्याचं म्हणणं.

तुम्ही थोरल्या आहात, भावाला आवरा. आणि माया जेवढी आहे तेवढी राहू द्या, कमी करू नका.

आपली,
चारुलता

॥ श्री ॥

उदगीर
२३ ऑगस्ट २०२४

चि. सौ. चारुलतास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, मग चष्मा पुसून पुन्हा हसले. लहानपणी हिम्मत विहिरीत उतरायचा तो कमरेला दोर बांधून, आणि दोराचं दुसरं टोक माझ्या हातात. पाणी गुडघ्याला लागलं की ताई ओढ, ताई ओढ म्हणून गाव गोळा करायचा. अरबी समुद्राला पुरेल एवढा दोर आमच्या उदगीरच्या बाजारात मिळत नाही, हे त्याला सांग. त्याचं सगळं आयुष्य रुळांवर गेलं. समुद्रात रूळ नसतात, हेही कुणीतरी त्याच्या कानावर घाला.

आता तुझ्याबद्दल. एवढी तक्रार लिहिलीस, पण मी जाणार नाही असं एकदाही लिहिलं नाहीस. खडूची रेघ ओल्या फडक्याने पुसली जाते. तुझ्या घरात फडकं नाही, असं मला तरी वाटत नाही.

दोघांनी जेवणाच्या वेळा सांभाळा. म्हातारीची आठवण ठेवा.

भामा

॥ श्री ॥

तारनाका, सिकंदराबाद
६ ऑक्टोबर २०२४

ती. भामावन्संस,
शि. सा. न. वि. वि.

फडकं आहे, पण वेळ झाला नाही. रविवारी आम्ही हुसेनसागर तलावावर असतो. हे शीड शिकतात, शेजारी शाळेतली पोट्टी. शिकवणारी तेजश्री पंचविशीची आहे. ती यांना अंकल म्हणते आणि शिट्टी फुंकून ओरडते. शेडमध्ये माणसं यांच्यासमोर चळचळा कापायची म्हणतात. मी ती शिट्टी डोळे भरून ऐकते. दुसऱ्याच रविवारी होडी उलटली. पोहणं यांनी साठीला आल्यावर क्लबात शिकून घेतलंय, त्यामुळे जीव वाचला. तळ्यातल्या घाण पाण्याच्या वासाने मात्र आम्हीच मेलो. तीन वेळा साबण लावूनही बसमध्ये यांच्या शेजारची जागा रिकामीच होती.

मग काठावर बसून कंटाळा येतो म्हणून मीही नाव घातलं. कंटाळा येतो म्हणूनच.

आणखी एक सांगायचं होतं. त्या रेघांच्या आत टीव्ही बसत नाही. एकच टेबल, समोरासमोर दोन पाट. लग्नाला चौतीस वर्षं झाली, त्यातली निम्मी यांच्या शिफ्टमध्ये गेली आणि उरलेली दोन खोल्यांतल्या दोन टीव्हींपुढे. परवा यांनी मला विचारलं, कॉलेजात तू गायचीस ते का सोडलंस? मी म्हटलं, तुमची रात्रपाळी असायची, दिवसा घरात आवाज चालायचा नाही. मग दोन्ही ताटं यांनी घासली. एका बादलीत, आणि वाईट घासली.

लोभ वाढला तरी चालेल, इथे जागेचीच तेवढी अडचण आहे.

चारुलता

॥ श्री ॥

उदगीर
१९ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. चारूस आशीर्वाद.

आदित्य येऊन गेला. एवढी मोठी गाडी घेऊन आमच्या गल्लीत, आरसा दोनदा घासला. म्हणाला, आत्या, तू एक शब्द टाकलास तर बाबा ऐकतील. मी ऐकण्याचं यंत्र काढून पदराने पुसत बसले. ते पुसून होईपर्यंत त्याचा बहुतेक मुद्दा संपला होता.

पण पोरगा खोटा नाही, चारू. जाताना त्याचे डोळे भरले होते. एकदा खऱ्या समुद्रावर जाऊन या आणि मग काय ते बोला. हॉलमध्ये सगळेच दर्यावर्दी असतात.

खुशाली कळवत जा, नाहीतर मलाच यावं लागेल.

भामा

॥ श्री ॥

मुक्काम होडी, गोवा
२८ जानेवारी २०२५

ती. भामावन्संस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या हुकमाप्रमाणे आठवडाभर खरा समुद्र पाहिला. होडीचे मालक किशोर बरोबर होते. तुमचे बंधुराज पहिले दोन दिवस ओकत होते, तिसऱ्या दिवशी दर्यावर्दी झाले. चौथ्या दिवशी नदीच्या मुखातून परत आत येताना वारा पडला. हे खूष, आता मोटरची कमाल बघ म्हणाले. मोटर खरंच सुरेख, आवाज नाही, धूर नाही. होडीही तेवढीच सुरेख, जागची हलत नव्हती. ओहोटी लागली होती, नदीचं सगळं पाणी तोंडावर येत होतं. यांचं गणित स्थिर पाण्याचं. हे मोटर वाढवत गेले आणि बॅटरीचा आकडा भराभर उतरत गेला. बाजूला खडक. किशोर मुद्दाम हात लावत नव्हते, आम्ही काय करतो ते बघत होते.

तेव्हा हे हळूच म्हणाले, चारू, मला भीती वाटतेय.

वन्सं, चहा पाणचट झाला, पंखा कुरकुरतो, आदित्यचे मार्क कमी आले, असं पुष्कळ काही मी या माणसाकडून ऐकलंय. हे कधीच ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, मोटर बंद करा. पुढे गेले आणि नांगर सोडला. तो तळाला घट्ट बसला. किशोर म्हणाले, बरोबर केलंत वहिनी, आता भरती लागेपर्यंत काही करायचं नाही. मग चिवडा खाल्ला. मी दोन गाणी म्हटली, दुसऱ्याचा अंतरा विसरले. भरतीने आम्हाला जवळपास फुकटात आत आणलं.

होडी ठरवली. पावसाळ्यात ती खाडीत बांधायची आणि आम्ही उदगीरला तुमच्याकडे यायचं. बाकीचे महिने इथेच.

काल आदित्य आला. धक्क्यावर बूट घालून उभा राहिला, आत येईना. वडिलांना तीन वेळा विचारलं, इथे तुम्हाला काही झालं तर? यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बाळा, तुझ्याकडे आम्हाला काहीच होणार नाही, शेवटची गोष्ट होईपर्यंत. ते ऐकून तो खाली बसला. मला वाटलं रडेल, म्हणून मी शेगडीकडे वळले. मागून आवाज आला, बाबा, बॅटरी कुठे बसवली आहे, दाखवा तरी.

तासाभराने दोघं हातापायाला ग्रीस फासून जेवायला आले. बूट धक्क्यावरच राहिले होते.

प्रकृतीस जपावे. आम्ही पाण्यावर असलो तरी आमच्यावरची माया जमिनीवर, पक्की असू द्यावी.

आपली,
चारुलता