फाकीच्या कबरस्तानातली वटवाघळं

४ जून
बोटीतून उतरलो तो लवंगांच्या घमघमाटात. झकास वाटलं. पेंबाला बदली म्हणजे शिक्षा, असं झांझिबार शहरातले मित्र म्हणाले होते. पण या आख्ख्या बेटाचा वटवाघूळ-संरक्षण अधिकारी मी एकटा, त्यामुळे शिक्षा झालीच तर इथल्या अडाण्यांना होईल. बी मिझे नावाच्या म्हातारीची पुढची खोली मिळाली. ती मागे परसात राहते, जेवण दारात आणून देते. ऑक्टोपसचा रस्सा फक्कड, म्हातारीची बडबड मात्र रटाळ.

५ जून
वटवाघळं गावच्या जुन्या कबरस्तानातल्या झाडांना लटकतात. तांबूस, कोल्ह्याच्या तोंडाची, पेंबाबाहेर जगात कुठेच नाहीत. राखणदार फाकी म्हातारा म्हणे, कुणाच्या घरी जाताना देतो तशी कडेला उभं राहून 'होदी' अशी हाक द्यायची. झाडं शांत झाली म्हणजे आतल्यांनी 'करिबू', म्हणजे 'या', म्हटलं असं समजायचं. तीनदा हाक देऊनही कलकलाट चालूच राहिला, तर मुकाट परत फिरायचं! मी विचारलं, मग चहा कोण देतं, तुमचे पणजोबा की वटवाघूळ? माठ हसलासुद्धा नाही. मी बुटांसकट आत शिरलो. शहरातल्या प्रदर्शनासाठी नमुना हवाच होता. खालच्या फांदीवरच्या मादीच्या पोटाला बिलगलेलं पिल्लू ओढून काढलं. फाकी नुसता बघत राहिला. आणि यांना म्हणे संरक्षण कळतं!

६ जून
पिल्लू मेलं. बरणीत घातलं. संध्याकाळी वटवाघळं उडायच्या वेळी दारात बाईचा आवाज आला, होदी. या गावात जो तो काहीतरी मागायलाच येतो, म्हणून उत्तर दिलं नाही. आणखी दोनदा हाक आली, मग थांबली. दार उघडलं तर कुणीच नव्हतं. गावठी चेष्टा, दुसरं काय.

७ जून
म्हातारीला सगळं सांगितलं. तिचा हात पळीवरच थांबला. म्हणाली, "पोरा, तू न विचारता त्या पिल्लाच्या आईच्या घरात घुसलास. ती बघ, विचारून येतेय. उत्तर देऊ नकोस. तीनदा विचारून माघारी जाईल, तिला रीत आहे. ते पिल्लू फाकीकडे ने आणि माफी माग." मी त्या फाकीची माफी मागू? हसलो.
संध्याकाळी पुन्हा होदी. दाराच्या वरच्या चौकटीपाशी. कुणी उलटं लटकून बोलावं तसा आवाज—

८ जून
भीती वाटते. लिहायचीही लाज वाटते. बरणी घेऊन गेलो, तर फाकी परगावी. कडेला उभा राहून मीच होदी म्हणालो. तीनदा. झाडं शांत झाली नाहीत. बरणी घेऊन परत—

९ जून
कडी लावलीय. अंधारतंय. होदी— एकदा. दुसऱ्यांदा. तोंडावर हात दाबून—

बी मिझेंचा आवाज! होदी, पोरा, रस्सा आणलाय. या अल्ला, जीव भांड्यात पडला. करिबू, करिबू, ओरडलोच मी—

परसातून बी मिझे विचारतायत, कुणाला बोलावलंस रे?

कडी आपोआप— वरून—