पुलावरून आलेला पाहुणा

परमादरणीय फमाऊसाहेब, सविनय सलाम.

आपण या क्षणी दारच्या ओट्यावर मित्रमंडळींसह कॉफीपान करीत आहात. हे मला निश्चित ठाऊक आहे, कारण मी आपल्याच माडीवर आहे.

आपल्या विधवा भगिनी म्वानाखेरी यांच्याशी माझा परिचय निव्वळ पुरातत्त्वीय. आपली माडी आणि माझ्या ताईची माडी जोडणाऱ्या, गल्लीवरील पुलाच्या दोन टोकांना उभे राहून आम्ही वर्षभर जुन्या घरांविषयी बोललो. भग्न वास्तू धुंडाळणे हा माझा छंद, तेथील चिनी खापरे जमवणे हा त्यांचा. आज आपल्याकडील कोरीव कोनाडे पाहण्याच्या ज्ञानलालसेने मी तो पूल ओलांडला. तो केवळ स्त्रियांच्या येण्याजाण्यासाठी आहे, हे आपल्या लामू बेटावरील गाढवेही जाणतात. तेवढ्यात माझ्या ताईने पलीकडून नित्याची कडी घातली आणि ती लग्नघरी गेली. आता निर्गमनाचा मार्ग एकच, आपला ओटा.

"कोनाडे पाहून झाले का, मास्तर?" म्वानाखेरींनी विचारले.

"अभ्यास अपूर्ण आहे."

"वर्षभर भिंतींचंच कौतुक चाललंय. भिंतीलाच मागणी घालणार आहात का?"

मी सत्वर जिन्याकडे प्रस्थान केले.

"आमच्या दारातून परका पुरुष बाहेर पडला, तर उद्या मला गावात तोंड दाखवता येणार नाही. तेव्हा उतरा खुशाल. पण कोण म्हणून उतरताय, ते जिन्यातच ठरवा."

ते मी ठरवले आहे. हे पत्र कुणाहाती धाडण्याचे प्रयोजन उरले नाही, ते स्वहस्तेच देतो. शेवटच्या पायरीवर उभा आहे. आपण नकार दिल्यास मी चोरी करण्यास शिरलो होतो, असेच मंडळींना सांगावे.

आपला भावी मेहुणा, अन्यथा चोर,
लाली ओमर